इरईचे ओरखडे

९ एप्रिल २०२५, पवनार

बॅग तिसऱ्यांदा उपसून पुन्हा भरली. मुलीने पाठवलेल्या यादीत लोकरीचे मोजे, हातमोजे, कानटोपी, उन्हाचा चष्मा. माझ्या यादीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, रव्याचे लाडू. सकाळचे साडेदहा वाजलेत आणि अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नाही. अशा उन्हात लोकरीच्या मोज्यांना हात लावणंही नकोसं होतं.

तीस वर्षं मी वर्ध्याच्या शाळेत भूगोल शिकवला. हिमनदीचा धडा आला की फळ्यावर एकच डोंगर काढायचे. सगळ्या बाजूंनी खरवडून निघालेला, टोकदार, मान जराशी एकीकडे कललेला. गिरिशृंग. उदाहरण, आल्प्समधील मॅटरहॉर्न. खडूचा तो डोंगर माझ्या हातात इतका बसला होता की पाठमोरी उभी राहूनही काढता यायचा. आता मुलीने इस्टरच्या सुट्टीत त्याच डोंगराच्या पायथ्याशी आठवड्यासाठी घर घेतलंय. जावईबापू फोनवर म्हणाले, "आई, यंदा स्कीइंग शिकायचंच." मी हो म्हणून बसले. छप्पन्न-सत्तावन्नच्या पुढे माणसाने नवीन काही शिकायला हो म्हणावं ते झटकन, विचार करायला लागलं की राहून जातं.

बॅगेच्या तळाशी एक फोटो ठेवलाय. मुलींची सहल घेऊन आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाकडे गेलो होतो, तेव्हाचा. पैनगंगा-वर्धेच्या खोऱ्यातला चुनखडीचा कातळ, आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले ओरखडे, जणू कुणी मोठी कानस फिरवली असावी. हे काम हिमनदीचं. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, आपला भूभाग दक्षिण ध्रुवाकडे गोंडवनात होता तेव्हा या खोऱ्यात बर्फ सरकत होता. फेडन नावाच्या भूवैज्ञानिकाने १८७५ मध्ये या कातळाची नोंद केली. त्या दिवशी एका मुलीने विचारलं होतं, "बाई, इथं बर्फ होता तर गेला कुठं?" खंड सरकले, हवामान पालटलं, असं मी सांगितलं. उत्तर बरोबर होतं. पण सांगणाऱ्या बाईंनी बर्फाची नदी जन्मात पाहिलेली नव्हती.

१२ एप्रिल, लोझान

मुलीच्या घरी पोचले. नातू सात वर्षांचा आहे, फ्रेंचमध्ये भांडतो आणि मराठीत लाड करून घेतो. मी स्की शिकणार म्हटल्यावर त्याने दिवाणखान्याच्या गालिच्यावरच वर्ग सुरू केला. पायांची बोटं आत, टाचा बाहेर. "आजी, हे शास-नेज. थांबायचं असलं की हेच करायचं." याला इथे लहान मुलांना पिझ्झाही म्हणायला शिकवतात, कारण पायांचा आकार पिझ्झाच्या तुकड्यासारखा होतो. स्कीच्या दोन्ही पट्ट्या समांतर ठेवल्या की ते बटाट्याचे फ्रेंच फ्राइज. झोपेपर्यंत आम्ही दोघं पिझ्झा आणि बटाटे करत होतो.

१४ एप्रिल, रेल्वेत आणि मग झेरमॅट

सकाळी घरी फोन केला. हे म्हणाले, जयंतीच्या मिरवणुकीची तयारी चाललीय, ऊन मरणाचं आहे. मागे निळ्या झेंड्यांच्या गाडीवरचं गाणं ऐकू येत होतं. आमच्या उजव्या हाताला तेव्हा जिनिव्हाचं सरोवर होतं.

मॉन्त्रो गेलं, शियोंचा किल्ला गेला आणि पुढच्याच मिनिटाला व्हिलनव्ह. गाडी थांबत नाही तिथे. मी मात्र खिडकीला नाक लावून बसले होते. डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी इथे रोमां रोलांकडे पाच दिवस राहिले होते. रोलांच्याच सांगण्यावरून आणि त्यांचं गांधीजींवरचं पुस्तक वाचून मॅडेलिन स्लेड हिंदुस्थानात आल्या आणि मीराबेन झाल्या. पुढे शेगावात, म्हणजे आपल्या सेवाग्रामला, गांधीजींच्या आधी जाऊन राहिल्या त्या त्याच. आमच्या धाम नदीच्या पात्रात, जिथे १९४८ च्या १२ फेब्रुवारीला बापूंच्या अस्थी विसर्जित झाल्या, तिथल्या छत्रीपाशी मी लहानपणापासून मेळ्याला जाते. त्या पात्रापासून या सरोवराच्या काठापर्यंत एक धागा आहे हे पुस्तकात वाचलं होतं. आज तो खिडकीतून पाहिला.

पुढचा तासभर माझा धडा खिडकीबाहेर उलगडत होता. ऱ्होन नदीची दरी म्हणजे इंग्रजी यू अक्षर. सपाट तळ, उभ्या भिंती. नदी एवढीशी आणि दरी एवढी मोठी, कारण ती नदीने खोदलेलीच नाही, हिमनदीने खोदली. मार्तिन्यी येण्याआधी कड्यावरून धबधबा सरळ खाली पडताना दिसला. लोंबती दरी! मी मोठ्यानेच म्हणाले, समोरच्या बाईंनी वर पाहिलं. मार्तिन्यीला दरी काटकोनात वळते. मग डाव्या हाताला एक अरुंद घळ, तिच्यातून दुधासारखं पाणी येऊन ऱ्होनला मिळत होतं. नकाशात पाहिलं, नदीचं नाव लोन्झा, आणि दरीचं ल्योचनटाल. पांढुरकं पाणी म्हणजे वर खडकाचं पीठ दळणं चालू आहे. हिमनदी दळते तो खडक इतका बारीक असतो की पाण्यात बसतच नाही. मी फोटो काढून ठेवला.

फिस्पला गाडी बदलली. दातेरी रुळांची लहान गाडी, चढाला घरघरते. झेरमॅटमध्ये पेट्रोलच्या मोटारींना बंदी आहे, गल्लीतून विजेवर चालणारी खोकी फिरतात. स्टेशनबाहेर आलो तर सगळं ढगात. डोंगर दिसला नाही.

१५ एप्रिल

जमिनीखालच्या बोगद्यातून दोरखंडाची रेल्वे वर सुनेग्गाला नेते, २२८८ मीटर. शिकाऊंचं मैदान तिथे.

आधी बूट. याबद्दल मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवते. स्कीचा बूट पायात घालायचा नसतो, पाय बुटात कोंबायचा असतो. कडक प्लास्टिकची खोळ, चार खटके, घोटा जराही हलत नाही आणि गुडघा पुढे वाकलेलाच राहतो. दुकानातल्या मुलाने वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी विचारली आणि पट्टीवरच्या पकडीचा स्क्रू त्या हिशेबाने फिरवला. पडताना ठरावीक जोर आला की पकड आपोआप सुटते आणि पाय मोडत नाही. म्हणून वय खरं सांगायचं. बूट पट्टीवर ठेवून टाच दाबली की खट्ट असा आवाज येतो. हा आवाज मला फार आवडला. जू मानेवर ठेवून शिवळ अडकवली की असाच भरवसा वाटतो.

शिकवणाऱ्या बाई जर्मन बोलणाऱ्या. त्या सारख्या "फ्लुग, फ्लुग" म्हणत होत्या. मुलीला विचारलं तर म्हणाली, "आई, फ्लुग म्हणजे नांगर." नातवाचा शास-नेज तोच, पिझ्झाही तोच. नांगर म्हटल्यावर माझ्या पायांना समजलं. खरं तर तो नांगर नव्हे, वखर. वखराची पास जमिनीला जेवढी दाबाल तेवढी ती माती धरते. लहानपणी मोठे बाबा वखरावर आम्हा पोरांना वजनाला बसवायचे. तसाच टाचांना बाहेर जोर द्यायचा, पट्ट्यांच्या आतल्या कडा बर्फात रुतवायच्या, की बर्फ पुढे ढकलला जातो आणि वेग मरतो. वजन दोन्ही पायांवर सारखं असलं की सरळ. उजव्यावर जास्त टाकलं की डावीकडे वळण. शरीर उताराकडे झुकवायचं, आणि सगळी गोम इथेच आहे, कारण भीती माणसाला मागे ओढते. मागे झुकलं की कडा सुटतात आणि वेग वाढतो.

सहा वेळा पडले. उठायला शिकणं हा वेगळाच धडा आहे. पट्ट्या उताराला आडव्या करायच्या, मग हाताने जमीन ढकलून उभं राहायचं. सातव्यांदा नांगर धरला, वीसेक पावलांचा उतार उतरले आणि जिथे थांबायचं ठरवलं होतं तिथेच थांबले. बाईंनी हातातल्या काठ्या वर केल्या. डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने नाही आलं.

रात्री पाय दाबत बसले होते तेव्हा विनोबांची आठवण झाली. १९३८ मध्ये ते पवनारला आले ते तब्येत पार खालावलेली असताना. रोज थोडं थोडं शेत खणायला लागले, वेळ हळूहळू वाढवत नेला आणि अंगात ताकद आली. त्या खणण्यातच भरत-रामाची मूर्ती सापडली. शरीर शिकतं ते असंच, थोडं थोडं, रोज.

१६ एप्रिल

ढग आणखी खाली आले. चर्चजवळच्या जमिनीखालच्या संग्रहालयात गेलो. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिम्पर आणि त्याचे सोबती मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा पोचले. सात जण चढले, उतरताना चौघे कोसळले. मधला दोर तुटला. तो तुटलेला दोर काचेत ठेवलाय. मी बराच वेळ त्याच्यासमोर उभी होते. वासराच्या दाव्याइतका जाड, टोकाला सुटलेले पीळ. माणसाचा जीव याला बांधला होता.

जुन्या वस्तीत लाकडी कोठारं आहेत, प्रत्येक खांबाच्या डोक्यावर चपटी गोल शिळा. उंदीर वर चढू नयेत म्हणून. बर्फावर घसरायला लोक यायच्या आधी हे शेतकऱ्यांचं गाव होतं, हे त्या शिळा सांगतात.

संध्याकाळी पावसाचा बर्फ झाला. जड, ओला, आवाज न करता पडणारा.

१७ एप्रिल

सकाळी खिडकी उघडेना. बाहेरचं बाक दिसत नाही, कुंपण दिसत नाही. वीज गेली. रस्ता बंद, रेल्वे बंद, गाव बाकी जगापासून तुटलं. फोनवर हिमप्रपाताच्या धोक्याचा नकाशा पाहिला. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, आमच्या भागावर वरच्या पायऱ्यांचे रंग होते. जावईबापूंनी समजावलं, ओला बर्फ फार जड असतो, जुन्या थरावर नवा भार झटकन आला की अख्खा उतार सुटतो. आज घराबाहेर पडायचं नाही.

चूल विजेची. तेव्हा दशम्या, चटणी आणि लाडू. नातू मेणबत्तीच्या उजेडात लाडू खाताना म्हणाला, "आजीची बॅग बरोबर होती." मी त्याला इरईचा फोटो दाखवला. त्याने ओरखड्यांवर बोट फिरवून विचारलं, "हे कुणी केलं?" मी सांगितलं, हिमनदीने. "आपल्या गावाजवळ?" हो, आपल्या गावाजवळ. तो दिव्याकडे फोटो धरून खूप वेळ बघत राहिला.

१९ एप्रिल

उजेड परत आला आणि नळाला गरम पाणीही. दूर वरती दबके धमाके ऐकू आले, सुटू पाहणारा बर्फ माणसं मुद्दाम, ठरवून पाडतात म्हणे. दुपारी ढग फाटले. मी घासलेलं पातेलं पुसत होते. समोर तो उभा.

फळ्यावर मी त्याची मान उजवीकडे काढायचे की डावीकडे हे त्या क्षणी आठवेना. पुस्तकातलं चित्र हातभर होतं, हा ४४७८ मीटरचा. पण ओळख पटायला एक निमिषही लागलं नाही. हिमगव्हरं चारी अंगांनी खोदत मागे सरकली आणि मध्ये जे उरलं ते हे. आणखी एक गोष्ट मी मुलींना कधी सांगितली नव्हती, आता वाटतं सांगायला हवी होती. या डोंगराच्या माथ्याकडचा खडक आफ्रिकेच्या बाजूच्या भूपट्ट्यावरून आलेला आहे. दोन खंड एकमेकांवर चढले तेव्हा तिकडचा दगड इकडच्या डोंगराच्या डोक्यावर येऊन बसला.

२० एप्रिल, इस्टरचा रविवार

हे पान मोठं होणार.

केबल कारने फुरी, मग ट्रोकनर श्टेग, मग शेवटचा टप्पा. काचेच्या डब्यात बसून थिओडुल हिमनदीवरून वर जाताना मी खालीच बघत होते. नव्या बर्फाखाली भेगांच्या निळसर कडा मधूनच दिसत होत्या. क्लाईन मॅटरहॉर्न, ३८८३ मीटर, युरोपातलं सगळ्यांत उंच केबल स्टेशन. पवनार अडीचशे मीटरच्या आसपास. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर येतो. दहा पावलं चालले की थांबावं लागत होतं. काळा चष्मा काढायची सोय नाही, बर्फावरून परतणारं ऊन डोळे जाळतं.

बोगद्यातून बाहेर आलं की एकदम पांढरं पठार, पलीकडे ब्राईटहॉर्नची पाठ. इथे बाराही महिने स्की चालतं. उन्हाळ्यात माणसं पहाटे वर येतात, कारण रात्री गोठलेला बर्फ दुपारपर्यंत लापशीसारखा होतो. हिमनदीवर लोकांना वर ओढणाऱ्या लिफ्टही वेगळ्या. उलट्या टी अक्षरासारख्या दांड्याला टेकायचं आणि पट्ट्या जमिनीवरच ठेवून ओढले जायचं. खांब बर्फात रोवलेले, आणि बर्फ तर सरकतो, म्हणून खांब मधूनमधून पुन्हा जागेवर आणावे लागतात. हिमनदी ही नदी आहे, हे मी तीस वर्षं वाक्यात सांगितलं. इथली माणसं ते खांब हलवून मानतात.

जावईबापूंनी पलीकडच्या सोंडेकडे बोट केलं. टेस्टा ग्रिजिया. तिथे इटालियन वाटाड्यांचं विश्रामघर आहे, १९८४ मध्ये बांधलेलं, नेमकं सीमेवर. इथली सीमा म्हणजे जलविभाजक. बर्फाचं पाणी उत्तरेला उतरेल तो स्वित्झर्लंड, दक्षिणेला उतरेल तो इटली. थिओडुल हिमनदी खचत गेली, जलविभाजक सरकला आणि घर कुणाचं हा प्रश्न उभा राहिला. दोन्ही देशांनी बोलून नवी रेघ ठरवली, २०२४ मध्ये स्वित्झर्लंडने तिला मंजुरी दिली. नकाशावरची सीमा मी मुलींना शाईने काढायला लावायचे. ही सीमा बर्फाने काढलेली होती आणि बर्फाबरोबर ती हलली.

मग बर्फाच्या आतली गुहा. उद्वाहनाने पंधरा मीटर खाली. भिंती हिरव्या-निळ्या, आत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांच्या रांगा. सगळे कोरीव पुतळ्यांपाशी थांबत होते. मला भिंतीत एक खडा दिसला. सुपारीएवढा, काळपट, बर्फात घट्ट रुतलेला, एक धार बाहेरच्या बाजूला. हातमोजा काढून त्या धारेवर बोट ठेवलं. बर्फ मऊ असतो, तो कातळ कापत नाही. कापतो तो हा खडा, वरच्या शेकडो टनांच्या भाराने दाबलेला, वर्षाला थोडा थोडा पुढे सरकणारा. इरईच्या कातळावरचा एकेक ओरखडा असल्याच कुठल्यातरी खड्याने ओढलेला. बोट सुन्न होईपर्यंत मी तिथेच होते. सहलीतल्या त्या मुलीचा प्रश्न आज चौदा-पंधरा वर्षांनी मला नीट ऐकू आला.

बर्फाचा जमाखर्च असतो. हिवाळ्यात पडतो ती जमा, उन्हाळ्यात वितळतो तो खर्च. शास्त्रज्ञ याच दिवसांत वर येऊन खड्डे खणतात, बर्फाची खोली आणि वजन मोजतात, आणि शरद ऋतूत खुंट्यांवरून खर्च काढतात. या देशाच्या हिमनद्यांनी २०२२ मध्ये सहा टक्के आणि २०२३ मध्ये चार टक्के बर्फ गमावला. दोन वर्षांत दहावा हिस्सा. २०२२ च्या जुलैअखेरीस तर इथलं उन्हाळी स्कीइंगच थांबवावं लागलं होतं. परवाचा एवढा मोठा बर्फ म्हणजे जमा, असं मी म्हणाले. जावईबापू म्हणाले, "हो आई, पण ती एका पावसाची जमा आहे." कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात वाढलेय मी. एका पावसाने साल साधत नाही हे मला कुणी सांगायला नको.

शेवटी पट्ट्या पायात घातल्या. खट्ट, खट्ट. बोगद्याच्या तोंडापासून पठारावर उतरणारा सौम्य उतार, मुलगी पुढे, नातू शेजारी. नांगर धरला. पास दाबली. पट्ट्यांखाली बर्फ किरकिरत होता, कोरड्या पिठातून हात फिरवल्यासारखा. साठ-सत्तर पावलं असतील. मध्येच मी टाचांचा जोर थोडा कमी केला, पट्ट्या जवळ आल्या, वारा कानात शिरला. नातू ओरडला, "आजी, बटाटे! बटाटे!" तेवढेच चार-पाच क्षण. मग पुन्हा नांगर, आणि थांबले. मागे वळून पाहिलं तर बर्फावर माझ्या दोन रेघा, एकमेकींजवळून आलेल्या, कडांनी ओरबाडलेल्या. वर चढून यायला मात्र पाऊण तास लागला, पट्ट्या मुलीच्या खांद्यावर.

३० मे, पवनार

येऊन महिना झाला. यंदा मे महिन्यातच पाऊस शिरलाय, नवतपा नावालाच. आज सकाळी बातमी सविस्तर वाचली. परवा, २८ तारखेला, स्वित्झर्लंडमधली बिर्च हिमनदी कोसळली आणि ब्लाटेन गाव जवळजवळ सगळं गाडलं गेलं. वरच्या डोंगराचा कातळ ढासळून हिमनदीवर येऊन पडत होता, तो भार तिला पेलला नाही. तीनशे माणसांना नऊ दिवस आधीच हलवलं होतं. एक माणूस बेपत्ता झाला. ढिगाऱ्याने लोन्झा नदी अडली.

लोन्झा. फोनमध्ये फोटो शोधला. डाव्या हाताची घळ, पांढुरकं पाणी. मी तेव्हा खडकाचं पीठ पाहून खूश झाले होते.

शेजारची सहावीतली मुलगी दारात आली होती. "बाई, बर्फ दाखवता?" तिला मी झेरमॅट दाखवणार होते. पण आधी हाच फोटो दाखवला, आणि गाव, आणि वरची हिमनदी बोटाने हवेत काढून दाखवली. गाईगुरंही हलवली होती, एका गाईला हेलिकॉप्टरने नेलं, हेही सांगितलं.

ती फोटोकडे बघत होती. मग इरईचा फोटो काढून मी तिच्या हातात दिला.

"इथं पण गाव होतं का खाली?"

"नाही. तेव्हा माणसंच नव्हती."

"मग गाई?"

"गाईही नव्हत्या."

तिने फोटो उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. काही नव्हतं. मी पेन घेतलं आणि मागे गावाचं नाव आणि सहलीचं वर्ष लिहिलं. बाहेर धामला गढूळ पाणी आलं होतं. छत्रीजवळच्या कातळांवरून ते खळाळत होतं, आणि आम्ही दोघी फोटो घेऊन ते बघायला निघालो.